विवाहचिन्हे व विवाहऋण (डहाणू–तलासरी)

विवाह ठरल्याची किंवा झाल्याची साक्ष म्हणून वधूवरांनी अथवा त्यांच्या कुटुंबांनी परस्परांस दिलेली वस्तू म्हणजे विवाहचिन्ह आणि ती वस्तू, देज, मेजवानी इत्यादींसाठी काढलेले कर्ज म्हणजे विवाहऋण होय. अंगठी, हिरा, मंगळसूत्र, जोडवी, मण्यांची माळ, नाणे, साखरेचा पुडा अशी विवाहचिन्हांची विविध रूपे निरनिराळ्या समाजांत आढळतात. चिन्ह कोणते यापेक्षा त्याची किंमत कोण आणि कशी चुकवितो, यावरून त्या समाजातील आर्थिक संबंध अधिक स्पष्ट होतात. या दृष्टीने पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) डहाणू व तलासरी या तालुक्यांचा इतिहास लक्षणीय आहे. तेथील वारली जमातीत विवाहाची चिन्हे अत्यंत साधी होती. तथापि विवाहाचा खर्च भागविण्यासाठी घेतलेल्या शेदोनशे रुपयांच्या कर्जापोटी नवरा-बायकोला जमीनदाराकडे जन्मभर राबावे लागे. अशा ऋणबद्ध मजुरास ‘लग्नगडी’ म्हणत. ही पद्धत १९४५ च्या वारली उठावात मोडली.

अंगठी : प्राचीन भारतीय वाङ्मयात अंगठी ही मुख्यतः ओळखीची खूण म्हणून येते. रामायणात हनुमान रामाची मुद्रिका सीतेला देतो आणि सीता आपला चूडामणी खूण म्हणून परत पाठविते. कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलाचे सारे कथानक हरवलेल्या व पुन्हा सापडलेल्या अंगठीवर उभे आहे. या दोन्ही ठिकाणी अंगठी आधीच जुळलेल्या संबंधाचे स्मरण देते; विवाह ठरविण्याचे साधन म्हणून ती येत नाही. धर्मशास्त्रकारांनी सांगितलेले वाग्दान हे नावाप्रमाणेच वाणीने दिलेले वचन होते.

वाग्दत्त वधूस अंगठी देण्याची चाल रोमन समाजात रूढ होती. पहिल्या शतकातील लेखक थोरला प्लिनी याने आपल्या काळी वधूला लोखंडाची, खडा नसलेली अंगठी पाठवीत असल्याची नोंद केली आहे. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलिअस याने, अनामिकेपासून हृदयापर्यंत एक सूक्ष्म तंतू जातो, म्हणून त्याच बोटात अंगठी घालतात, असा ईजिप्तमधील समज नोंदविला आहे. पुढे या तंतूची रक्तवाहिनी झाली व ही कल्पना यूरोपात लोकप्रिय ठरली. शरीररचनाशास्त्रात तिला आधार नाही. वाङ्‌निश्चयाची अंगठी यूरोपात पुढे सोन्याची झाली आणि श्रीमंतांच्या अंगठीत रत्ने आली. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिल्यन याने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला दिलेली हिरेजडित अंगठी हे हिऱ्याच्या वाङ्‌निश्चय-अंगठीचे प्रसिद्ध आद्य उदाहरण मानतात. त्या काळी यूरोपात पोहोचणारे हिरे प्रामुख्याने भारतातून जात.

हिरा : हिरा हे कार्बनाचे स्फटिकरूप असून नैसर्गिक खनिजांत तो सर्वांत कठीण आहे. संस्कृतात त्यास ‘वज्र’ म्हणतात. इंद्राच्या शस्त्राचे तेच नाव आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेत हिऱ्याचा विचार केलेला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे. रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्याच्या रंगांवरून त्याचे चार वर्ण कल्पिले असून सदोष हिरा धारण करणाऱ्याचे अनिष्ट होते, असे सांगितले आहे. नवरत्नांत हिरा शुक्राचे रत्न ठरतो. विशेष म्हणजे पुत्राची इच्छा करणाऱ्या स्त्रियांनी हिरा धारण करू नये, असे काही तज्ज्ञांचे मत वराहमिहिराने दिले आहे. काही विशिष्ट आकाराचे हिरेच त्याने यास अपवाद मानले आहेत. म्हणजे ज्या देशातून जगाला हिरे गेले, त्या देशातील जुन्या रत्नशास्त्राने हिरा हे वधूचे स्वाभाविक लेणे मानलेले नव्हते. हिरकणी गिळल्याने मृत्यू येतो, हा समजही दीर्घकाळ टिकून होता. वस्तुतः हिरा रासायनिक दृष्ट्या विषारी नाही.

गोवळकोंड्याच्या राज्यातील खाणींपैकी कृष्णा नदीकाठची कोल्लूर येथील खाण सर्वांत प्रसिद्ध होती. सतराव्या शतकात तेथे आलेला फ्रेंच रत्नव्यापारी झां बातीस्त ताव्हेर्न्ये (१६०५–८९) याने त्या खाणीवर पुरुष, स्त्रिया व मुले मिळून सु. ६०,००० माणसे राबत असल्याचे लिहिले आहे. दुसऱ्या एका खाणीतील मजुरास वर्षाकाठी अवघे तीन होन मिळत, अशीही त्याची नोंद आहे. रत्नाचे मोल आणि ते काढणाऱ्या श्रमाचे मोल यांतील अंतर असे प्रथमपासूनच मोठे होते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये आणि १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले. आफ्रिकेतील विपुल उत्पादनामुळे भाव कोसळण्याचा धोका निर्माण झाला. सेसिल ऱ्होड्सच्या पुढाकाराने १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने उत्पादन व विक्री यांवर नियंत्रण ठेवून हा धोका टाळला. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत हिऱ्याची मागणी घटली, तेव्हा या कंपनीने १९३८ मध्ये अमेरिकेतील एन. डब्ल्यू. आयर या जाहिरातसंस्थेची मदत घेतली. हिऱ्याच्या अंगठीवाचून वाङ्‌निश्चय अपुरा आहे, अशी भावना चित्रपट, वृत्तपत्रे व व्याख्याने यांद्वारे रुजविण्यात आली. याच संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने १९४७ मध्ये हिऱ्याच्या चिरंतनत्वाचे सुप्रसिद्ध घोषवाक्य तयार केले. १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये व पुढे भारतातही असे प्रयत्न झाले. आज प्राचीन वाटणारी ही प्रथा तिच्या सार्वत्रिक स्वरूपात विसाव्या शतकातील आहे.

महाराष्ट्रातील वाङ्‌निश्चय : महाराष्ट्रात विवाह ठरल्याचा विधी ‘साखरपुडा’ या नावाने ओळखला जातो. वरपक्षाकडून वधूला साखरेचा पुडा, नारळ व वस्त्र देणे हे त्याचे मूळ रूप होय. काळ्या मण्यांचे मंगळसूत्र व पायाच्या बोटांतील चांदीची जोडवी ही सौभाग्याची चिन्हे विवाहात घातली जातात. साखरपुड्यात वधूवरांनी एकमेकांना अंगठी घालणे ही तुलनेने अलीकडची, प्रथम शहरी सुशिक्षित वर्गात रुजलेली चाल आहे. डहाणूच्या किनारपट्टीवर व शेजारच्या संजाण–उदवाडा भागात दीर्घकाळ वस्ती असलेल्या पारशी समाजातही विवाह ठरल्यावर वधूला चांदीचा रुपया देण्याची पद्धत असून त्या विधीस ‘रूपिया पेरावानु’ म्हणतात. साखर असो वा रुपया, या चिन्हांत दिलेल्या शब्दाला महत्त्व आहे. वस्तूची किंमत गौण आहे.

प्रदेश व लोक : डहाणू तालुक्याची पश्चिम बाजू अरबी समुद्राला लागून असून तेथे मच्छीमारांची गावे व चिकूच्या बागा आहेत. पूर्वेकडील डोंगराळ, जंगलव्याप्त भाग आणि उत्तरेकडील तलासरी तालुका येथे आदिवासींची वस्ती बहुसंख्य आहे. त्यांत वारली प्रमुख असून त्यांशिवाय कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी इ. जमाती आहेत. तलासरीचा प्रदेश पूर्वी उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी हा वेगळा विभाग झाला.

या प्रदेशात हिऱ्याच्या खाणी नाहीत वा हिऱ्याला पैलू पाडण्याचा मोठा उद्योगही नाही. तथापि दागिन्यांच्या व्यवहाराशी त्याचा दुहेरी संबंध आहे. मुंबई–सुरत लोहमार्ग डहाणूतून आणि मुंबई–अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो. सुरतेत पैलू पाडलेले हिरे मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या अंगडियांची वाट याच पट्ट्यातून जाते. शिवाय डहाणू तालुक्यातील चिंचणी, वरोर, वाढवण व आसपासच्या गावांत सोन्याचांदीचे दागिने घडविण्यासाठी लागणारे ‘डाय’ म्हणजे ठसे तयार करण्याचा गृहोद्योग आहे. पोलादी ठोकळ्यावर कारागीर उलटी नक्षी कोरतो. सोनार त्यावर पातळ पत्रा ठोकून नक्षी उठवितो. परगावच्या वधूंच्या अंगावरील अनेक दागिन्यांचे मूळ अशा प्रकारे या गावांतील घरांमध्ये असते.

वारली विवाह : वारली विवाह सामान्यतः सुगी आटोपल्यावर व पावसाळ्यापूर्वी होतात. वरपक्षाने वधूच्या पित्यास द्यावयाच्या मूल्यास ‘देज’ म्हणतात. पैसा, धान्य, वस्त्र, ताडी किंवा दारू अशा स्वरूपात ते दिले जाई. धर्मशास्त्रकारांनी कन्याशुल्क घेऊन होणाऱ्या विवाहास ‘आसुर’ म्हणून कमी लेखले आणि त्याचाच आधार घेऊन काही सुधारकांनीही देज म्हणजे कन्याविक्रय असे म्हटले. मानवशास्त्रज्ञांना हे मत मान्य नाही. मुलगी ही घरातील कष्ट करणारी व्यक्ती असते. तिच्या जाण्याने पित्याच्या घरी होणाऱ्या श्रमहानीची भरपाई म्हणून देज दिले जाते. वारली स्त्रीला घटस्फोट व पुनर्विवाह यांची मोकळीक होती, ही गोष्टही विक्रयाच्या कल्पनेशी जुळत नाही. ज्याला देज देणे शक्य नसे, तो सासऱ्याच्या घरी काही वर्षे घरजावई म्हणून राबून ते फेडीत असे. पुष्कळ जोडपी विधीवाचूनच संसार थाटीत आणि ऐपत आल्यावर, क्वचित मुले मोठी झाल्यावर, लग्न उरकीत. अशा जोडप्यांना समाज वाळीत टाकीत नसे. खर्चामुळे विवाह अडू नये, अशी तरतूद समाजाने अशा रीतीने स्वतःच केलेली होती.

विवाहाचे मुख्य चिन्ह अंगावर घालण्याचे नसून भिंतीवर रेखाटण्याचे असते. गेरूने वा शेणमातीने सारविलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट ही सर्जनाची देवता असते. भरून वाहणारा, अंकुरांनी सजलेला घट असे तिच्या नावामागील रूप आहे. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव काढतात. वधूवरांना चौकासमोर आणून विधी केले जातात व चौकावाचून लग्न पुरे झाले असे मानीत नाहीत. पौरोहित्य धवलेरी ही स्त्री करते. विधीचे मंत्र म्हणजे तिची परंपरागत गीतेच होत. के. जे. सावे यांनी द वारलीज (१९४५) या ग्रंथात या जमातीच्या चालीरीतींचा विस्तृत परिचय करून दिला आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांनी ही भित्तिचित्रकला कागदावर आणून जगभर नेली. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री लाभली.

अलंकारांत गळ्यातील मण्यांची माळ आणि पायाच्या बोटांतील वळी ही विवाहित स्त्रीची चिन्हे होत. मणी काचेचे आणि वळी हलक्या धातूची असत. दागिन्यांचा खर्च अल्प होता. लग्नातील मुख्य खर्च देज, गावजेवणाचा भात, वस्त्रे, वाजंत्री आणि ताडी-दारू यांचा असे.

खर्चाचे कर्जात रूपांतर : विधी जुनेच राहिले, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा भार वाढला. त्याची कारणे विधींत नसून बदलत्या अर्थव्यवस्थेत होती. ब्रिटिश अमदानीत जमीन खरेदी-विक्रीची व गहाणाची वस्तू झाली. लेखी व्यवहार न कळणाऱ्या वारल्यांच्या जमिनी कर्जापोटी व फसवणुकीने सावकारांकडे गेल्या आणि मूळ मालक त्याच जमिनीवर कूळ किंवा मजूर झाले. जंगले राखीव केल्याने लाकूडफाटा, शिकार व दळी शेती यांवर निर्बंध आले.

ताडी-दारूच्या बाबतीत हा बदल विशेष स्पष्ट दिसतो. पूर्वी दारात उभ्या असलेल्या ताडाखजुरीची ताडी व मोहाची दारू लग्नाला जवळजवळ विनामूल्य उपलब्ध होई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदण्यावर कर व परवाना आला आणि दारूचा मक्ता ठेकेदाराकडे गेला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठविण्यावरही निर्बंध घातले. लग्नाचा शब्द पक्का करणारे पेय आता मक्तेदाराच्या दुकानातून रोखीने आणावे लागे. हाती जमीन नाही, रोकड नाही आणि विधी तर टाळता येत नाही, अशा अवस्थेत वराला जमीनदाराच्या ओटीवर जाण्याखेरीज गत्यंतर नव्हते. बहुतेक वेळा जमीनदार, सावकार, दारूचा मक्तेदार व जंगलाचा ठेकेदार या भूमिका एकाच घरात एकवटलेल्या असत. त्यामुळे कर्जाने दिलेला पैसा पुष्कळदा त्याच वर्गाच्या तिजोरीत परत जाई.

लग्नगडी : लग्नासाठी दिलेल्या कर्जाची फेड पैशाने नव्हे, तर श्रमाने करावयाची, असा करार असे, तो बहुधा तोंडी असून त्याची मुदत ठरलेली नसे. कर्ज घेणारा धन्याच्या घरी व शेतावर पडेल ते काम करी. त्याला रोख मजुरी मिळत नसे. पोटापुरते भरड धान्य व क्वचित अंगावर घालण्यास कापड एवढेच मिळे. लग्न झाल्याबरोबर त्याची पत्नीही त्या ऋणात बांधली जाई आणि मुले हाताशी आली की त्यांनाही गुरे राखण्यास लावीत. श्रमाचा हिशेब ठेवला जात नसल्याने मुद्दल कमी होत नसे. आजारपणाचे दिवस व पावसाळ्यात उचललेली खावटी यांची त्यात भर पडे. खावटीच्या धान्याची फेड सुगीत दीडपटीने वा त्याहूनही अधिक करावी लागे. पळून गेलेल्या गड्यास धरून आणून मारहाण करीत. लग्नगड्याच्या पत्नीवर धन्याची वाईट दृष्टी पडल्यास तिला संरक्षण नव्हते. ज्या विधीने दोन माणसे परस्परांची व्हावयाची, त्याच विधीने ती दोघेही तिसऱ्याच्या मालकीची होत.

या व्यवहारातील विषमता साध्या हिशेबानेही कळते. १९४५ मध्ये वारल्यांनी दिवसाला १२ आणे मजुरी मागितली. त्या दराने २०० रुपयांचे कर्ज एका माणसाच्या २६७ दिवसांच्या, किंवा पतिपत्नी दोघांच्या सु. साडेचार महिन्यांच्या श्रमात फिटते. मजुरी त्याच्या चौथाई, म्हणजे ३ आणे धरली, तरी दोघांना सु. दीड वर्ष पुरते. प्रत्यक्षात ते जन्मभर फिटत नसे. कर्जाची रक्कम हे केवळ निमित्त असून कायमचे विनावेतन मनुष्यबळ मिळविणे हाच त्यामागील उद्देश होता.

ही पद्धत केवळ या दोन तालुक्यांपुरती नव्हती. शेजारच्या सुरत जिल्ह्यात दुबळा जमातीतील शेतमजूर लग्नासाठी उचल घेऊन ‘हाली’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधला जाई. मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील या विवाहदास्याची स्पष्ट नोंद आहे. अमेरिकेत हिऱ्याच्या अंगठीचा प्रचार सुरू झाला, तोही हाच काळ होता. सिमिंग्टन यांच्या अहवालाने शासनाला वस्तुस्थिती कळली, पण लग्नगडी त्यामुळे मुक्त झाले नाहीत.

उठाव व मुक्ती : जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची परिषद कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे भरली. तिला उंबरगाव भागातून माह्या धांगडा यांच्यासह काही वारली उपस्थित होते. त्यांच्या आग्रहावरून शामराव परुळेकर (१९०२–६५) व गोदावरी परुळेकर (१९०७–९६) यांनी या भागात कामास प्रारंभ केला. २३ मे १९४५ रोजी झरी (सध्या तलासरी तालुका) येथे सु. ५,००० वारल्यांची परिषद झाली. वेठ करावयाची नाही, रोख १२ आणे मजुरीखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करावयाचे नाही आणि मारहाण झाल्यास एकजुटीने प्रतिकार करावयाचा, असे निर्णय तेथे झाले. अल्पावधीतच ही चळवळ उंबरगावातून डहाणू तालुक्यात पसरली.

वेठीपाठोपाठ लग्नगड्यांचा प्रश्न पुढे आला. वेठ काही दिवसांची असे. लग्नगडी मात्र धन्याच्याच आवारात राहत असल्याने सभेला येण्याचे स्वातंत्र्यही त्याला नसे. म्हणून गावोगावचे वारली लाल बावटा घेऊन जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांनी लग्नगड्यांना बाहेर बोलावून ते मुक्त झाल्याचे जाहीर केले. उंबरगाव व डहाणू तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही पद्धत १९४५ मध्ये काही आठवड्यांतच मोडून पडली. त्यासाठी कोणताही नवा कायदा झालेला नव्हता. ऋणकोंनी एकत्र येऊन ते ऋण नाकारले, हेच तिच्या अंताचे कारण होय.

त्यानंतर मजुरीचा लढा तीव्र झाला. ५०० पौंड गवत कापण्यास २ रु. ८ आणे मजुरी मिळावी, या मागणीसाठी गवतकापणीचा संप सुरू असताना १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. पुढील वर्षी जंगलकामगारांनी दिवसाला सव्वा रुपया मजुरीसाठी संप केला. परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. या सर्व काळात दडपशाही झाली, तरी लग्नगडी पद्धत पूर्ववत होऊ शकली नाही. गोदावरी परुळेकर यांनी या उठावाचा वृत्तांत जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात लिहिला. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कायद्याची वाटचाल : मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि त्यात पुढे झालेली सुधारणा यांमुळे १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कुळांना जमिनीचे मालक होण्याचा मार्ग खुला झाला. ऋणबद्ध मजुरीवर मात्र देशव्यापी कायदा होण्यास आणखी बराच काळ लागला. २५ ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकुमाची जागा घेणाऱ्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ याने सर्व ऋणबद्ध मजूर मुक्त झाल्याचे घोषित केले, त्यांची कर्जे रद्द केली आणि उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली. या कायद्याच्या व्याख्येत केवळ उसनवारीच नव्हे, तर रूढीने वा सामाजिक बंधनाने आलेल्या देण्यापोटी करावी लागणारी मजुरीही समाविष्ट आहे. निरनिराळ्या प्रांतांतील पद्धतींच्या यादीत ‘हाली’चा नामनिर्देशही आहे. झरीच्या परिषदेनंतर तीस वर्षांनी देशाच्या कायद्याने तोच निर्णय मान्य केला.

सद्यःस्थिती : देजाची प्रथा क्षीण झाली असून लग्नासाठी कोणी लग्नगडी होत नाही. तथापि लग्नखर्चाचा प्रश्न संपलेला नाही. मंडप, ध्वनिवर्धक, वाहने व दागिने यांची भर पडून खर्च वाढला आहे. त्यासाठी मजुरीची आगाऊ उचल घेऊन कुटुंबे हंगामी कामांवर स्थलांतर करतात. उचलीच्या हिशेबाची स्पष्टता ही अशा वेळी महत्त्वाची बाब ठरते. दुसरीकडे, शासकीय साहाय्याने व सेवाभावी संस्थांच्या पुढाकाराने होणाऱ्या सामुदायिक विवाहांत अनेक आदिवासी जोडपी विवाहबद्ध होतात. त्यांत वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या, मुलेबाळे असलेल्या जोडप्यांचाही समावेश असतो. ऐपत येईपर्यंत विधी लांबणीवर टाकण्याच्या जुन्या वारली रीतीचेच हे नवे रूप होय.

साखरपुड्यातील अंगठी आता ग्रामीण व आदिवासी भागांतही पोहोचली आहे. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुसंख्य हिरे सुरत परिसरात हाताळले जातात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० पासून हिऱ्यांचा मोठा बाजार कार्यरत आहे. १९५० नंतरच्या दशकात प्रयोगशाळेत प्रथम निर्माण केलेले कृत्रिम हिरे अलीकडे दागिन्यांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आहेत. त्यांचे रासायनिक स्वरूप खाणीतील हिऱ्यासारखेच असून किंमत बरीच कमी असल्याने दुर्मिळतेवर उभारलेली हिऱ्याची प्रतिष्ठा पुन्हा तपासली जात आहे.

विवाहचिन्हांच्या इतिहासात लोखंडी कडे, साखरेचा पुडा, काचेचे मणी व हिरा या सर्वांनी एकच काम केले आहे. त्यांनी दिलेल्या शब्दाला साक्ष दिली. वस्तूच्या किमतीने तो शब्द अधिक पक्का झाल्याचे या इतिहासात दिसत नाही. उलट, तिची किंमत परक्याच्या तिजोरीतून चुकवावी लागली, तेव्हा डहाणू-तलासरीत शब्द देणारी माणसेच गहाण पडली. तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक मात्र या काळातही प्रत्येक लग्नात नव्याने लिहिला जात होता आणि आजही लिहिला जातो.